एपिसोड ३८ : तुमचा कुत्रा त्रास देत नाहीये, तो त्रासात आहे (पूर्ण ट्रान्सक्रिप्ट)

ऐकायचं असेल तर वरचं प्ले बटण दाबा. वाचायचं असेल तर बोललेलंच थोडं नीटनेटकं करून खाली दिलंय. मिनिटं बाजूला आहेत, हवा तो भाग थेट ऐकू शकता.

[००:००] आज कोणाबद्दल बोलतोय

आजचा एपिसोड कुत्र्यांवर आहे, पण रील्समधल्या गोंडस कुत्र्यांवर नाही. आज त्या कुत्र्यांबद्दल बोलू, ज्यांना फिरायला नेण्याआधी तुम्ही दाराच्या भोकातून बघता की बाहेर कोणी उभं तर नाही ना. लिफ्टमध्ये कोणी असलं की "तुम्ही जा, आम्ही पुढच्याने येतो" म्हणता. समोरून दुसरा कुत्रा आला की लीशवरची तुमची मूठ घट्ट होते, आणि पुढची तीस सेकंदं अख्खा रस्ता तुमच्याकडे बघत असतो.

अशा कुत्र्याला इंग्रजीत 'रिअॅक्टिव्ह' म्हणतात. आपण साधं म्हणू, चटकन भडकणारा, घाबरट कुत्रा. हे दोन्ही शब्द एकत्र का घेतले, ते पुढे कळेलच.

हा विषय का महत्त्वाचा? कारण याचा शेवट पुष्कळदा वाईट होतो. सोसायटीच्या ग्रुपवर तक्रारी येतात, घरमालक "कुत्रा किंवा घर" असं सांगतो, आणि मग कुत्रा कोणाच्या तरी फार्महाउसवर 'सोडला' जातो. किंवा एक दिवस तो खरंच एखाद्या लहान मुलाला चावतो. यातलं बरंचसं टाळता येतं. कसं, ते आज बघू.

[०१:५०] विश्रांतवाडी, कुत्र्याच्या कानांनी

उदाहरणासाठी आपण पुण्यातली विश्रांतवाडी घेऊ. नावात विश्रांती आहे, पण कानात नाही! शेजारी लोहगावचा विमानतळ. तो मुळात वायुदलाचा तळ, त्यामुळे प्रवासी विमानांच्या जोडीला लढाऊ विमानंही डोक्यावरून जातात. आळंदी रोडवर दिवसभर बस, ट्रक, टेम्पो. धानोरी, कळस, टिंगरेनगर, सगळीकडे कुठे ना कुठे बांधकाम, म्हणजे ड्रिल मशीन आणि काँक्रीट मिक्सर आलेच.

आणि मग आपलं कॅलेंडर. ज्येष्ठात ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून पुण्याला निघते ती याच आळंदी रोडने. टाळ, मृदंग, हजारो पावलं, ठिकठिकाणी लाउडस्पीकर. पाठोपाठ ढोल-ताशा पथकांचा सराव. मग दहीहंडी, दहा दिवस गणपती, नवरात्र, दिवाळी. आपल्यासाठी हा आनंद आहे, तो असावाच. पण माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, तर कुत्र्याला साधारण ४५ हजारांपर्यंत. बारीक आवाजही तो आपल्यापेक्षा जास्त अंतरावरून टिपतो. शिवाय पालखी दोन दिवसांत पुढे जाईल, फटाके रात्री थांबतील, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. त्याच्यासाठी ते कारण नसलेले स्फोट आहेत.

आवाजाला घाबरणारा तुमचा एकटाच कुत्रा नाही. फिनलंडमध्ये सुमारे १३,७०० पाळीव कुत्र्यांचा अभ्यास झाला, २०२० मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात आवाजाची भीती ही सगळ्यात जास्त आढळलेली तक्रार होती, ३२ टक्के कुत्र्यांमध्ये. आणि फिनलंडमध्ये ढोल-ताशा नाही, बरं का!

[०४:१०] भुंकणं म्हणजे नक्की काय

एक कुत्रा कल्पूया. नाव मोती. गावठी, वय दोन वर्षं. धानोरी रोडवरच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरात एकदम शहाणा. रस्त्यावर दुसरा कुत्रा दिसला, की लीशच्या टोकाला जाऊन, मागच्या पायांवर उभा राहून भुंकतो.

बघणाऱ्याला वाटतं, केवढा आक्रमक कुत्रा! पण मोतीच्या बाजूने बघा. घाबरलेल्या प्राण्याकडे मोजके पर्याय असतात. पळून जाणं, गोठून उभं राहणं, नाहीतर समोरच्याला हाकलणं. मोती लीशला बांधलेला आहे, त्यामुळे पळता येत नाही. राहिलं काय? आरडाओरडा. आणि तो भुंकला की काय होतं? समोरचा माणूस आपला कुत्रा घेऊन निघून जातो. मोतीच्या डोक्यात हिशोब पक्का होतो, 'मी ओरडलो म्हणून संकट टळलं.' पुढच्या वेळी तो आणखी लवकर ओरडतो.

सगळेच कुत्रे भीतीपोटी भुंकत नाहीत. काही जणांना समोरच्या कुत्र्याकडे खेळायला जायचं असतं, लीश अडवते म्हणून ते चिडतात. पण भीती हे फार मोठं कारण आहे, आणि दोन्हींवरचा उपाय बराचसा सारखाच आहे.

मग मोती असा का झाला? काही भाग जन्मजात असतो. काही भाग लहानपणाचा. पिल्लाचं वय साधारण तीन ते बारा-चौदा आठवडे असताना जे शांतपणे दाखवलं जातं, ते त्याला पुढे 'नेहमीचं' वाटतं. त्या काळात जे दिसलं नाही किंवा ज्याने घाबरवलं, ते पुढे अवघड जातं. रस्त्यावरून मोठेपणी फ्लॅटमध्ये आणलेल्या कुत्र्याला तर लिफ्ट, चकचकीत फरशी, मिक्सर, सगळंच परकं असतं. आणि काही भाग दुखण्याचा असतो, त्याकडे नंतर येऊ. त्यामुळे "तुम्हीच लाडावून ठेवलाय" हे वाक्य ऐकलं, तर ते सरळ सोडून द्या.

[०६:४०] बादली कधी सांडते

आता एक शब्द लक्षात ठेवा, थ्रेशोल्ड. म्हणजे उंबरठा. या उंबरठ्याच्या अलीकडे मोतीला समोरचा कुत्रा दिसतो, त्याचे कान टवकारतात, पण तो तुमचं ऐकू शकतो, खाऊ शकतो, शिकू शकतो. पलीकडे गेला की त्याला काहीच ऐकू जात नाही. तिथे "मोती, नो! मोती, सिट!" ओरडणं म्हणजे बुडणाऱ्या माणसाला पाढे विचारणं.

हा उंबरठा रोज एकाच जागी नसतो. समजा शनिवार आहे. सकाळी सहाला विमान गेलं. आठला दूधवाल्याने बेल वाजवली. अकराला वरच्या मजल्यावर ड्रिल सुरू झालं. दुपारी डिलिव्हरीवाल्या दादाने पुन्हा बेल वाजवली. संध्याकाळी लिफ्टचं दार उघडलं आणि समोर स्केटबोर्ड घेतलेला मुलगा. मोती त्याच्या अंगावर भुंकला. तुम्ही म्हणता, "कालपर्यंत तर याला काही करत नव्हता!" बरोबर आहे. काल बादली रिकामी होती. आज सकाळपासून थेंबाथेंबाने भरत गेली आणि शेवटचा थेंब त्या मुलाचा पडला. याला 'ट्रिगर स्टॅकिंग' म्हणतात. शरीरातली ताणाची रसायनं बटण दाबल्यासारखी बंद होत नाहीत, ती उतरायला वेळ लागतो.

म्हणून वाईट दिवसानंतरचा दिवस हलका ठेवा. एखादा वॉक नुसता शू-शीपुरता करून परत आलात तरी चालतं. खरंच चालतं.

बादली भरतेय हे कुत्रा आधी सांगत असतो, पण आपण भुंकण्याची वाट बघत बसतो. ही लक्षणं बघा:

- समोर खाणं नसताना ओठ चाटणं
- झोप आलेली नसताना जांभया देणं
- ऊन नसताना धापा टाकणं
- डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसणं
- शेपूट आत घेणं, पुढचा एक पाय उचलून धरणं
- अचानक दगडासारखं स्थिर होणं
- आवडीचा खाऊ नाकारणं

शेवटचं लक्षण म्हणजे तुमचं थर्मामीटर. घरी पनीरसाठी उड्या मारणारा मोती रस्त्यावर पनीर घेत नसेल, तर तो उंबरठ्याच्या पलीकडे आहे. आता शिकवणं बंद, तिथून बाहेर पडायचं.

आणि गुरगुरणं? त्याबद्दल कधीही रागावू नका. गुरगुरणं म्हणजे हॉर्न. हॉर्न बंद केला म्हणून गाडीचा ब्रेक लागत नाही. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा भ्यायचा थांबत नाही, सांगायचा थांबतो. मग लोक म्हणतात, "काही न सांगता चावला."

[०९:३०] पहिलं औषध : अंतर

आजच्या एपिसोडमधली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. घाबरलेल्या कुत्र्याचं पहिलं औषध अंतर आहे. मोती दहा मीटरवर भडकत असेल, तर शिकवायला सुरुवात वीस मीटरवरून करायची.

आता तुम्ही म्हणाल, धानोरी रोडवर वीस मीटर आणायचे कुठून? तिथे तर दोन स्कूटर शेजारून जाताना आरसे घासतात! रास्त प्रश्न आहे. जागा नसेल तेव्हा अंतर दुसऱ्या वाटांनी मिळवायचं.

पहिली वाट वेळेची. तुमच्या गल्लीत कोणत्या वेळी कुत्रे कमी, मुलं कमी, गाड्या कमी, हे आठवडाभर लिहून ठेवा. अगदी पहाटे माणसं कमी असतात, पण रस्त्यावरच्या कुत्र्यांची टोळी तेव्हाच जास्त जागी असू शकते. कदाचित तुमची शांत वेळ दुपारी तीनची निघेल. उन्हाळ्यात मात्र डांबरावर आधी तुमचा तळहात ठेवून बघा. तो पाच सेकंद ठेववत नसेल, तर मोतीचे पंजेही तिथे भाजतील.

दुसरी वाट आडोशाची. उभी असलेली कार, टेम्पो, भिंत, पार्किंगचा खांब. दिसलं नाही की भीती निम्मी होते. समोरून कुत्रा येताना दिसला की दोन गाड्यांच्या मधे शिरा, मोतीपुढे जमिनीवर खाऊ टाका, समोरचा जाऊ द्या.

तिसरी वाट मागे वळण्याची. घरातच, काहीही समोर नसताना, "चल!" म्हणून उलटं वळायचं आणि वळल्यावर खाऊ द्यायचा. रोज दहा वेळा, पंधरा दिवस. मग रस्त्यावर "चल!" हा शब्द मोतीसाठी आनंदाचा होतो. ओढाताण लागत नाही.

चौथी वाट जागा बदलण्याची. आठवड्यातून एकदा गाडीने एखाद्या मोकळ्या, शांत ठिकाणी न्या, लांब लीशवर मनसोक्त हुंगू द्या. बागेत न्यायचं असेल तर आधी पाटी वाचा, सगळीकडे परवानगी नसते. मोतीला किती किलोमीटर चालवलं याच्याइतकंच महत्त्व त्याने किती हुंगलं याला आहे. नाक वापरताना कुत्रा शांत होतो.

[१२:२०] दुसरं औषध : भावना बदलणं

अंतर मिळालं, आता शिकवणी. यातलं शास्त्र शंभर वर्षांहून जुनं आहे. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलोव्ह यांना १९०४ मध्ये नोबेल मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी. पण जगाच्या लक्षात राहिले त्यांचे कुत्रे. खाणं येण्याआधी ठरावीक आवाज झाला, की काही दिवसांनी नुसत्या आवाजाने त्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं. आवाजाचा अर्थच बदलला होता. आपल्याला हेच करायचंय. 'समोरचा कुत्रा म्हणजे संकट' याचं 'समोरचा कुत्रा म्हणजे पनीर' करायचं.

सामान काय लागेल? गळ्यावर दाब न येणारा हार्नेस, दोन-तीन मीटरची साधी लीश, कमरेला छोटी पिशवी. त्यात नखाएवढे तुकडे, उकडलेलं चिकन, उकडलेलं अंडं किंवा पनीर. शाकाहारी घरात पनीर आणि उकडलेलं रताळं. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं, चॉकलेट अजिबात नको, ते कुत्र्यासाठी विषारी आहे. जेवढा खाऊ दिला तेवढं जेवण कमी करा.

आता पद्धत.

एक. मोती समोरचा कुत्रा बघतो पण शांत राहतो, इतक्या लांब उभे राहा.

दोन. मोतीने त्या कुत्र्याकडे बघितलं, की त्याच क्षणी "येस!" म्हणा आणि खाऊ द्या. क्रम महत्त्वाचा आहे. आधी कुत्रा दिसला पाहिजे, मग खाऊ आला पाहिजे. खाऊची पिशवी आधी वाजवलीत, तर मोती शिकेल की पिशवी वाजली म्हणजे कुत्रा येणार. उलटाच धडा!

तीन. समोरचा कुत्रा दिसेनासा झाला की खाऊ बंद.

चार. काही दिवसांनी एक गंमत होईल. मोती कुत्र्याकडे बघेल आणि आपणहून मान वळवून तुमच्याकडे बघेल, 'दिसला, आता माझं पनीर?' हाच तो क्षण. इथून पुढे मान वळवल्यावर "येस!" म्हणायचं.

पाच. हे सलग काही दिवस सहज जमलं, की एक-दोन पावलं जवळ. बिघडलं तर पुन्हा मागे.

एका वेळी पाच-दहा मिनिटं पुरे. मोती दमण्याआधी घरी या. लोक विचारतात, "भुंकतोय तेव्हा खाऊ दिला तर भुंकण्याला बक्षीस नाही का मिळत?" भीती ही भावना आहे, तो काही ठरवून केलेला हट्ट नाही. अंधाराला घाबरलेल्या भाचीला तुम्ही जवळ घेतलंत, तर ती पुढच्या वेळी जास्त घाबरेल का? नाही ना? तसंच. मोतीला धीर द्या, जवळ येऊन बसला तर बसू द्या. फक्त आधी अंतर वाढवा.

[१५:४०] रोजचे चार प्रसंग

लिफ्ट. बंद खोका, निसटायला जागा नाही, आणि दार कधीही उघडतं. तिसऱ्या मजल्यापर्यंत राहत असाल आणि मोतीचे सांधे धड असतील, तर जिना घ्या. लिफ्ट घ्यावीच लागली तर मोतीला मागच्या कोपऱ्यात ठेवा, तुम्ही त्याच्या आणि दाराच्या मधे उभे राहा. दार उघडलं आणि समोर कोणी असेल, तर सरळ सांगा, "काकू, एक मिनिट हं, तो घाबरतो. आम्ही आधी बाहेर येतो." वाक्य तोंडपाठ करून ठेवा, ऐनवेळी सुचत नाही.

रस्त्यावरची कुत्री. प्रत्येक टोळीचा स्वतःचा इलाका असतो आणि तुमचा मोती त्यांच्यासाठी घुसखोर. कोणती टोळी कुठे बसते, त्यांना कोण, कधी खायला घालतं, हे ओळखून रस्ता ठरवा. अंगावर आली तर पळू नका, मोतीला ओढू नका. मोतीला मागे घ्या, त्यांच्या दिशेने मूठभर बिस्किटं लांब फेका, आणि हळूहळू निघा. दगड भिरकावला तर आजची वेळ निभावेल, पण ती टोळी तुम्हाला लक्षात ठेवेल.

दाराची बेल. बेल वाजली की आतल्या खोलीत पसरलेला खाऊ, असं नातं जोडा. आधी कोणी नसताना घरच्याच माणसाला बेल वाजवायला सांगा. डिलिव्हरी अॅपमध्ये 'बेल वाजवू नका, फोन करा' लिहा. पाहुणे आले की मोती आत, दार बंद, चघळायला काहीतरी. "ओळख करून घेऊ दे ना त्याला" या आग्रहाला हसून नाही म्हणा.

चावण्याची शक्यता. मोतीने कधी दात लावले असतील किंवा तशी भीती वाटत असेल, तर टोपलीसारख्या मझलची सवय लावा. आत धापा टाकता आल्या पाहिजेत, पाणी पिता आलं पाहिजे. मझलमध्ये खाऊ ठेवून त्याला स्वतःहून तोंड घालू द्या, हे काही दिवसांचं काम आहे. रेबीजची लस वेळेवर हवीच. आणि कोणाला दात लागलेच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही.

[१८:५०] ढोल, डीजे आणि फटाके

सण अचानक येत नाहीत, हा आपला फायदा. गणपतीच्या दोन-तीन महिने आधी तयारी सुरू करा.

फोनवर ढोल-ताशाचं किंवा फटाक्यांचं रेकॉर्डिंग लावा, इतकं हळू की मोती फक्त कान हलवेल. आवाज सुरू झाला की खाऊ, थांबला की खाऊ बंद. काही दिवसांनी आवाज एक रेघ वर. मोती अस्वस्थ झाला तर दोन रेघा खाली. याची मर्यादाही समजून घ्या. डीजेचा जो धक्का छातीत बसतो, तो फोनच्या स्पीकरमधून येत नाही, आणि फटाक्यासोबत उजेड आणि दारूचा वासही असतो. त्यामुळे ही तयारी उपयोगी आहे, पण तेवढ्यावर मोतीला मिरवणुकीत नेऊ नका.

प्रत्यक्ष सणाच्या दिवशी:

- अंधार पडायच्या आत वॉक आटपा. नरक चतुर्दशीला पहाटेचे फटाके असतात, तेव्हा वॉक उजाडल्यावर.
- घरातली सगळ्यात आतली जागा त्याची. पॅसेज, बाथरूम, पलंगाखाली, जिथे तो स्वतः जातो ती. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, जाड चादर, पंखा किंवा कूलर सुरू. तिथून त्याला ओढून काढायचं नाही.
- आवाज झाला की लगेच खाऊ किंवा खेळ. फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यांच्या मालकांचं एक मोठं सर्वेक्षण युरोपात झालं, २०२० मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यात हा साधा उपाय सगळ्यात उपयोगी ठरलेल्यांपैकी एक होता.
- बाहेर नेताना गळ्यातला पट्टा आणि हार्नेस दोन्ही, आणि पट्ट्यावर तुमचा फोन नंबर. फटाक्याने बिथरून पळालेला कुत्रा वाहनाखाली सापडू शकतो. मायक्रोचिप करता आली तर उत्तम.
- घरात येणं-जाणं असेल तेव्हा दाराशी एक माणूस नेमा. लक्ष्मीपूजनाला दार उघडं ठेवायची पद्धत आहे, त्या वेळी मोती आतल्या खोलीत.

कायदाही माहीत असू द्या. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. मर्यादा ओलांडली तर ११२ वर तक्रार करता येते. पण त्याआधी मंडळाच्या पोरांशी बोलून बघा. "दादा, स्पीकरचं तोंड जरा रस्त्याकडे फिरवता का, घरात आजी आणि कुत्रा दोघंही घाबरतात," एवढ्यानेही कधीकधी काम होतं.

[२२:१०] हे करू नका

"सवय होईल आपोआप" म्हणून मोतीला ढोलांसमोर उभं करणं, हे पहिलं. सवय लागत नाही, भीती पक्की होते. कधीकधी कुत्रा गप्प होतो, आपल्याला वाटतं सुधारला. तो गोठलेला असतो.

दुसरं, मारणं, चोक चेन, काटेरी पट्टा, शॉकचा पट्टा. मोतीच्या नजरेने बघा. समोर कुत्रा दिसला आणि गळ्याला कळ आली. म्हणजे कुत्रा खरंच वाईट! जे नातं आपल्याला बदलायचं होतं, तेच आपण घट्ट केलं. अमेरिकेतल्या प्राणिवर्तनाच्या पशुवैद्यांची जी संघटना आहे, तिने २०२१ मध्ये स्पष्ट म्हटलं की सगळ्या कुत्र्यांसाठी, चावण्याच्या तक्रारी असलेल्यांसाठीसुद्धा, बक्षिसावर आधारलेलं प्रशिक्षणच वापरावं.

तिसरं, "त्याला दाखवून द्या घरात बॉस कोण." ही 'अल्फा'ची कल्पना १९४७ च्या, पिंजऱ्यात कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांवरच्या अभ्यासातून आली. ती लोकप्रिय करण्यात ज्यांच्या पुस्तकाचा वाटा होता, त्या डेव्हिड मेक यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे साधं कुटुंब असतं, आई-बाप आणि त्यांची पिल्लं. लांडग्यांनाच जे लागू नाही, ते मोतीवर कशाला?

ट्रेनर शोधताना एकच प्रश्न विचारा. "कुत्र्याने चुकीचं केलं तर तुम्ही काय करता?" उत्तरात झटका, दाब, मार असं काही आलं तर नमस्कार करून निघा.

[२४:४०] डॉक्टर आणि गोळ्या

वागणं अचानक बदललं, तर आधी पशुवैद्य. २०१८ च्या एका छोट्या अभ्यासात आवाजाला घाबरणाऱ्या वीस कुत्र्यांची तुलना केली होती. ज्यांना सांध्यांचं किंवा स्नायूंचं दुखणं होतं, त्यांची भीती जास्त वयात सुरू झाली होती आणि ती जास्त ठिकाणी पसरली होती. दचकल्यावर अंग आखडतं, आखडलं की दुखतं, आणि दुखणं त्या आवाजाशी जोडलं जातं. दुखणं ओळखून उपचार केल्यावर वागणंही सुधारतं. कान, दात, त्वचा, सांधे, सगळं तपासून घ्या. जाताना फोनवर दोन-तीन व्हिडिओ न्या, कारण दवाखान्यात कुत्रा वेगळाच वागतो.

काही कुत्र्यांची भीती इतकी मोठी असते की ते वीस मीटरवरसुद्धा शिकू शकत नाहीत. तिथे औषध लागतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. रोज घ्यायच्या काही गोळ्यांचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. काही औषधं फक्त फटाक्यांसारख्या प्रसंगापुरती असतात. म्हणून डॉक्टरांकडे दिवाळीच्या आदल्या दिवशी जाऊ नका, महिना-दोन महिने आधी जा. प्रसंगापुरत्या गोळीची एक चाचणी शांत दिवशी घेऊन बघायला सांगतात, तेही जमेल.

एक प्रश्न जरूर विचारा, "ही गोळी भीती कमी करते की नुसतं सुस्त करते?" कारण काही जुन्या औषधांनी कुत्रा हलत नाही, पण आत भीती तशीच असते. आणि घरातली झोपेची, तापाची, दुखण्याची गोळी स्वतःच्या मनाने कधीच देऊ नका. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.

[२७:१०] सोसायटी, शेजारी आणि आपण

अॅनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडियाने २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. सोसायटीला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही, असं त्यात आहे. पण त्याच कागदात आपली कामंही आहेत. सोसायटीत कुत्रा लीशवर ठेवा, घाण उचला, लसीकरण ठेवा. महापालिकेचा परवानाही काढून ठेवा.

हक्काचा कागद मात्र शेवटी काढायचा. आधी माणसांशी बोला. शेजारच्या आजोबांना, वॉचमन काकांना, खालच्या मुलांना दोन मिनिटं सांगा, "मोती घाबरतो, आम्ही शिकवतोय. तो दिसला की हात पुढे करू नका, डोळ्यात बघू नका, आपल्या वाटेने जा. एवढी मदत करा." मुलांना तर काम दिलेलं आवडतं. आणि एक लक्षात ठेवा, कुत्र्याला घाबरणाऱ्या माणसाची भीतीही मोतीच्या भीतीइतकीच खरी आहे. त्यालाही अंतर द्या.

[२८:५०] किती दिवस लागतील?

खरं सांगायचं तर आठवडे नाही, महिने लागतात. रेघ सरळ वर जात नाही. चार चांगले दिवस, एक वाईट, पुन्हा तीन चांगले. वहीत रोज तीनच गोष्टी लिहा. किती अंतरावर भडकला, किती वेळात शांत झाला, खाऊ घेतला का. महिन्याने वही उघडलीत तर फरक दिसेल. पूर्वी दहा मिनिटं थरथरणारा मोती दोन मिनिटांत अंग झटकून पुढे हुंगायला लागला, तर ती मोठी प्रगती आहे, भुंकला असला तरी.

काही कुत्रे कधीच गर्दीत रमणारे होत नाहीत. नसू देत. कोणाला लग्नाच्या हॉलमध्ये मजा येते, कोणी गच्चीवर एकटं बसतं. मोतीला आळंदी रोडच्या गर्दीत शेपूट हलवत चालता आलंच पाहिजे असं नाही. त्याला रोज शू-शीला न भिता खाली जाता आलं, दुपारी डोक्यावरून विमान गेलं तरी कूस बदलून पुन्हा झोपता आलं, तर तुमचं काम झालं.

या आठवड्याचा गृहपाठ एकच. शिकवणं, पनीर, काही नको. नुसतं बघा, तुमचा कुत्रा कोणत्या गोष्टीला, किती अंतरावर पहिल्यांदा ओठ चाटतो. तो आकडा कळला, की सुरुवात कुठून करायची ते कळलं.

एपिसोड उपयोगी वाटला तर तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाका, विशेषतः तक्रार करणाऱ्या काकांना! तुमच्या कुत्र्याचा अनुभव व्हॉइस नोटने पाठवा. पुढच्या वेळी बोलू घरी एकट्या राहिलेल्या, दार ओरबाडणाऱ्या कुत्र्यांबद्दल. तोपर्यंत लीश सैल, खिसा भरलेला. भेटू!